दुपारी लांबणारे जिवाणू

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून ती म्हणाली, “मॅडम, आज परत शेवया.”

ती एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरची. नाशिकमधल्या आमच्या महाविद्यालयात मी तिच्या प्रकल्पाची मार्गदर्शक. शेवया म्हणजे ई. कोलाय या जिवाणूच्या लांबच लांब पेशी. एरवी हा जिवाणू दोन-तीन मायक्रोमीटरची आखूड काडी असतो. तिच्या काचपट्टीवर त्याच्या दहापट लांब दोरे पसरले होते, आणि तेही ३० अंशांवर वाढवलेल्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या कल्चरमध्ये. तिथे ते दिसायलाच नको होते.

जिवाणू आपल्या गुणसूत्राची प्रत काढायला सुरुवात कशी करतो, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आले आहे. त्या आकृतीतला प्रत्येक बाण या प्रकरणात आम्हाला काचपट्टीवर शोधावा लागला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

प्रकल्प आणि त्यातली अडचण

ई. कोलायचं गुणसूत्र म्हणजे सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा एक बंद गोल. या गोलावर कुठेही प्रत काढायला सुरुवात होत नाही. सुमारे २४५ अक्षरजोड्यांची एकच जागा त्यासाठी ठरलेली आहे. तिला ओरि-सी म्हणतात, आपण आरंभस्थान म्हणू. तिथून दोन यंत्रणा दोन दिशांना निघतात, प्रत्येक यंत्रणा सेकंदाला साधारण १००० अक्षरं नकलत जाते आणि गोलाच्या पलीकडच्या बाजूला, समाप्तीस्थानाजवळ, दोघी भेटतात. गणित सोपं आहे. प्रत्येकीच्या वाट्याला २३ लाख अक्षरं, म्हणजे सुमारे ४० मिनिटं.

आरंभस्थान उघडण्याचं काम एक प्रथिन करतं. त्याचं नाव डीएनए-ए. नाव डीएनएसारखं असलं तरी हे प्रथिन आहे, याची आठवण वर्गात दरवर्षी करून द्यावी लागते. हिरोता, रिटर आणि जेकब यांनी १९६८ साली ई. कोलायचे असे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, प्रकार मांडले, जे कमी तापमानाला नीट वाढतात पण तापमान चढवलं की डीएनएची नवी प्रत सुरू करू शकत नाहीत. डीएनए-ए ४६ हा त्यांच्यातला प्रसिद्ध स्ट्रेन, म्हणजे वाण. त्याच्या प्रथिनात दोन अमिनो आम्लं बदललेली आहेत: १८४व्या जागी ॲलॅनिनऐवजी व्हॅलिन आणि २५२व्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन. ३० अंशांना तो जगतो, ४२ अंशांना त्याची सुरुवात बंद पडते.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेने हा स्ट्रेन आणि त्याचा मूळ, निरोगी स्ट्रेन आम्हाला दिला. प्रकल्प साधाच होता. उत्परिवर्ती कल्चर ३० अंशांवर वाढवायचं, त्यातला अर्धा भाग ४२ अंशांवर न्यायचा, आणि आरंभस्थानाच्या प्रती समाप्तीस्थानाच्या प्रतींच्या किती पट आहेत हे मोजायचं. वाढत्या कल्चरमध्ये आरंभस्थानं नेहमी जास्त असतात, कारण नक्कल तिथून सुरू होते आणि समाप्तीला पोचायला वेळ लागतो. सुरुवात थांबली तर निघालेल्या यंत्रणा शेवटपर्यंत जातात, नवी कोणी निघत नाही आणि हे गुणोत्तर हळूहळू एकावर येतं. दिसायला सुंदर आणि आमच्या आवाक्यातला प्रयोग.

तीन आठवडे तो उभाच राहिला नाही, कारण ३० अंशांवरचं कंट्रोलच बिघडत होतं. कधी पेशी आखूड आणि नीट, कधी शेवया. कधी गुणोत्तर दोनाच्या आसपास, कधी एकाला टेकलेलं. तिच्या वहीत एकाखाली एक परस्परविरोधी नोंदी साठत होत्या. ती नेटकी मुलगी आहे, तरी आपल्या हातूनच काहीतरी चुकतंय असं तिला वाटायला लागलं होतं. मलाही पहिला आठवडा तसंच वाटलं, हे इथे नोंदवायला हवं.

संशयितांची यादी

पहिला संशय भेसळीचा. कल्चरमध्ये दुसराच जिवाणू घुसला असेल. ग्रॅम रंजन केलं, मॅकॉन्की माध्यमावर रेघोट्या ओढल्या. एकसारख्या गुलाबी कॉलन्या आल्या. त्यातल्या आठ-दहा उचलून ३० आणि ४२ अंशांवर लावल्या, तर ३०ला वाढल्या, ४२ला नाहीत. स्ट्रेन शुद्ध होता आणि आपला गुण राखून होता.

दुसरा संशय डीएनएला इजा झाल्याचा. ई. कोलायच्या डीएनएला मार बसला की पेशी संकटाची घंटा वाजवते आणि दुरुस्ती होईपर्यंत विभाजन रोखून धरते. त्या काळात ती लांबत जाते. तिसरा संशय काचसामानाचा. त्याच कपाटातल्या फ्लास्कमध्ये आधीच्या बॅचने सेफॅलेक्सिन वापरलं होतं. हे प्रतिजैविक पेशीच्या मधली आडवी भिंत बांधू देत नाही, त्यामुळे तिथेही शेवयाच होतात.

म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या शेवया तीन वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकतात: डीएनएला इजा, भिंत न पडणं, किंवा या स्ट्रेनचं ४२ अंशांवर होतं तसं प्रतच सुरू न होणं. त्यांच्यातला फरक पोटात असतो, डीएनए कुठे आहे यात.

आमच्याकडे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक नाही. म्हणून जुनी पद्धत काढली, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि गिम्साची. जिवाणूच्या पेशीत आरएनए इतकं ठासून भरलेलं असतं की साधा रंग टाकला तर सगळी पेशी एकसारखी निळी दिसते. काचपट्टी ६० अंशांच्या सौम्य आम्लात आठ-दहा मिनिटं धरली की आरएनए निघून जातं, डीएनए राहतं, आणि मग गिम्साने फक्त डीएनएचे गोळे जांभळे होतात. पाचव्या प्रयत्नात तिला रंग साधला. १००च्या भिंगाखाली तेल टाकून आम्ही दोघी आळीपाळीने बघत होतो.

सेफॅलेक्सिन मुद्दाम घालून केलेल्या शेवयांत डीएनएचे गोळे माळेतल्या मण्यांसारखे ठरावीक अंतरावर होते. हे अपेक्षितच, कारण तिथे नक्कल चालूच असते, फक्त भिंत पडत नाही. तिच्या बिघडलेल्या कंट्रोलमध्ये मात्र लांबच लांब पेशीच्या मधोमध डीएनएचा एकच गोळा, आणि दोन्ही टोकं रिकामी. शेजारी काही आखूड पेशी पडलेल्या, त्यांत डीएनए नावालाही नव्हतं.

“म्हणजे भिंत नाही म्हणून लांबली नाही,” ती म्हणाली. “प्रतच निघाली नाही म्हणून लांबली.”

पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच. पेशी वाढते, अन्न खाते, प्रथिनं बनवते, पण तिच्याजवळ गुणसूत्र एकच. ते मधोमध बसलेलं असताना तिथे भिंत घालायला पेशीची स्वतःची बंदी असते, नाहीतर गुणसूत्र कापलं जाईल. टोकांजवळ भिंत घालायलाही दुसऱ्या यंत्रणेची बंदी असते. मग ती लांबतच राहते. फारच लांबली की एखादी भिंत कुठेतरी बाजूला पडते आणि बिनडीएनएचा तुकडा सुटा होतो. शेजारच्या रिकाम्या पेशी त्याच.

तिच्या वहीतला आणखी एक आकडा आता बोलायला लागला. बिघडलेल्या दिवशी कल्चरचा गढूळपणा, म्हणजे ओडी, वाढत होता, पण पातळ करून प्लेटवर टाकल्यावर येणाऱ्या कॉलन्यांची संख्या जागची हलत नव्हती. वजन वाढत होतं, डोकी वाढत नव्हती. आणि त्या पेशी मेलेल्याही नव्हत्या, कारण ३० अंशांच्या प्लेटवर कॉलन्या येतच होत्या.

म्हणजे ३० अंशांवर ठेवलेलं कल्चर ४२ अंशांवर असल्यासारखं वागत होतं.

कमाल-किमान

हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं आणि दोघी एकदम इन्क्युबेटरकडे बघायला लागलो.

तो जुना शेकर-इन्क्युबेटर. पुढच्या बाजूला आकड्यांची तबकडी आणि एक गोल बटण, वर तापमापक घालायला भोक. रोज सकाळी साडेसातला, कॉलेज सुरू होताना, तापमान बघून रजिस्टरवर मी सही करत होते. प्रत्येक सकाळी ३०. तीन आठवड्यांच्या सह्या होत्या.

“मॅडम, आमच्या बागेत पप्पा एकदाच बघून चालत नाहीत,” ती म्हणाली. “कमाल-किमान लावतात.”

निफाडचा पारा हिवाळ्यात महाराष्ट्रात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तिथल्या द्राक्षवाल्याला सकाळी सातला किती थंडी आहे हे कळून भागत नाही. रात्रीत पारा कुठपर्यंत उतरला होता हे त्याला हवं असतं, कारण घडांचं भलंबुरं त्यावर ठरतं. म्हणून दिवसभरातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान धरून ठेवणारा तापमापक त्यांच्या शेडमध्ये टांगलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो तिच्या सॅकमधून आला, आम्ही इन्क्युबेटरमध्ये ठेवला आणि २४ तासांनी उघडला.

किमान ३०. कमाल ४१.

कारण इतकं साधं होतं की ते आधी सुचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो. तो तापवू शकतो, गार करू शकत नाही. भोवतालची खोली ३०च्या खाली असेल तोवर तो ३० राखतो. खोलीच ३७ झाली तर हीटर बंद होऊन बसण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं, आणि फ्लास्क हलवणारी मोटर बंद पेटीत आपली उष्णता ओततच राहते. आमची प्रयोगशाळा सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्चीचा तापलेला स्लॅब, खिडक्या पश्चिमेला.

त्यात नाशिकचं हवामान. आपण समुद्रापासून दूर, पठारावर, सुमारे सहाशे मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि पहाटे विशीपर्यंत उतरतो. मुंबईसारख्या दमट ठिकाणी दिवस-रात्रीत इतका फरक पडत नाही. म्हणून रोज सकाळी साडेसातला माझी सही बरोबर होती आणि रोज दुपारी तीनला चूक. जानेवारीत, जेव्हा आम्ही हा इन्क्युबेटर तपासून घेतला, तेव्हा तो दिवसभर ३०वर राहिला होता.

वही परत उघडली. नमुने घेतल्याची वेळ तिने दर वेळी लिहून ठेवली होती, आणि हे तिचं श्रेय. सकाळी साडेदहाचे सगळे नमुने चांगले. दुपारी तीननंतरचे सगळे शेवया. ढगाळ हवेच्या दोन दिवशी दुपारही चांगली. तीन आठवड्यांच्या परस्परविरोधी नोंदी वेळेप्रमाणे लावल्या तर त्यांच्यात एकही विरोध नव्हता.

एक प्रश्न कोणीही विचारेल: मूळ निरोगी स्ट्रेन बिघडला कसा नाही? तो त्या पेटीत नव्हताच. तो आम्ही शेजारच्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवत होतो, जागा नाही म्हणून. कंट्रोल एका पेटीत आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या पेटीत, ही मार्गदर्शक म्हणून माझी चूक. नंतर मुद्दाम दोन्ही एकाच पेटीत दुपारभर ठेवले. मूळ स्ट्रेनला ४१ अंशांचं काहीच वाटलं नाही, आखूड पेशी, मजेत वाढ. उत्परिवर्ती शेजारच्या फ्लास्कमध्ये लांबत होता.

दुपारी तीन वाजता पेशीच्या आत

आता त्या शेवयांच्या आत नेमकं काय अडलं होतं ते बघू. या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

१९६३ साली जेकब, ब्रेनर आणि क्यूझँ यांनी एक कल्पना मांडली: डीएनएवर एक ठरलेली जागा असणार आणि तिथे येऊन बसणारा एक आरंभक असणार. आरंभक आल्याशिवाय प्रत सुरू होत नाही. तेव्हा दोन्हींपैकी काहीच कोणी बाटलीत धरलेलं नव्हतं. कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १९८१ साली ओरि-सी असलेल्या छोट्या डीएनएची नक्कल पेशीबाहेर, परीक्षानळीत करून दाखवली आणि मग एकेक भाग सुटा करून बघता आला.

आरंभस्थानावर डीएनए-ए प्रथिन, म्हणजेच तो आरंभक, बसायच्या नऊ-नऊ अक्षरांच्या जागा आहेत. त्यांतल्या तीन जागा भक्कम. तिथे हे प्रथिन जवळजवळ सतत बसलेलं असतं, पण तेवढ्याने काही होत नाही. बाकीच्या जागा कमजोर आहेत. त्या भरायला प्रथिन नुसतं असून चालत नाही, त्याच्या हातात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा देणारं इंधन, असावं लागतं. एटीपीधारी प्रथिनं पुरेशी झाली की ती एकमेकांना धरून रांगेत बसतात, डीएनएला पीळ देतात आणि शेजारच्या ए-टी अक्षरांनी भरलेल्या पट्ट्यात दोन धागे विलग होतात. ए-टीची जोडी जी-सीपेक्षा सैल, म्हणून उसवायची जागा तिथेच.

ही फट पडली की डीएनए-बी नावाचं सहा भागांचं कडं डीएनए-सीच्या मदतीने एकेका धाग्यावर चढतं. दोन धागे, दोन कडी, दोन दिशा. ती पुढे धागे उसवत जातात, प्राइमेज सुरुवातीचे छोटे तुकडे घालतं आणि पॉलिमरेज ३ नक्कल करत सुटतं. इथून पुढे आरंभकाचा काही संबंध नाही. निघालेली यंत्रणा समाप्तीस्थान गाठल्याशिवाय थांबत नाही.

डीएनए-ए ४६मधला १८४व्या जागचा बदल एटीपी धरायच्या खाचेलगतच आहे. हे प्रथिन मुळातच दुबळं आणि तापलं की घडी बिघडून निकामी होतं. म्हणजे दुपारी आमच्या पेटीत पारा चढत गेला तशी आरंभस्थानं उघडेनाशी झाली. आधी निघालेल्या यंत्रणा शेवटपर्यंत गेल्या, गुणसूत्रं पूर्ण झाली, वेगळी झाली, विभाजनंही झाली. त्यानंतर प्रत्येक पेशीत एक पूर्ण गुणसूत्र उरलं आणि नवी सुरुवात नाही. मधोमध एक गोळा, टोकं रिकामी.

सुरुवातीचं दार किती जपून उघडलं जातं, याहून मला जास्त भारावून टाकतं ते उघडल्यावर किती घाईने बंद केलं जातं. आरंभस्थानात जीएटीसी ही चार अक्षरं ११ वेळा येतात. जुन्या धाग्यावर या जागी मिथाइलची खूण असते, नव्या धाग्यावर ती अजून पडलेली नसते. अशी अर्धी खूण दिसली की सेक-ए नावाचं प्रथिन आरंभस्थानाला मिठी मारून झाकून टाकतं, वेगाने वाढणाऱ्या पेशीत साधारण दहा मिनिटं. तेवढ्या वेळात धावत्या यंत्रणेबरोबर असलेलं एचडीए हे प्रथिन आरंभकांच्या हातातल्या एटीपीचं एडीपी करत जातं. एडीपीधारी प्रथिन कमजोर जागांवर बसू शकत नाही. दार उघडायला लागणारी किल्ली अशी नक्कल सुरू झाल्यामुळेच बोथट होते. एका फेरीत एकाच आरंभस्थानावरून दोनदा सुरुवात होऊ नये, यासाठी हा एवढा बंदोबस्त.

मग पेशी कधी सुरू करायचं हे ठरवते कशावरून? १९६८ साली डोनाकी यांनी दाखवून दिलं की वाढीचा वेग कितीही असो, सुरुवात होते तेव्हा प्रत्येक आरंभस्थानाच्या वाट्याला येणारं पेशीचं वस्तुमान जवळपास सारखं असतं. पेशी घड्याळ बघत नाही, स्वतःचं अंग बघते. त्याच वर्षी कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी दुसरी बाजू मांडली: सुरुवातीपासून नक्कल पूर्ण व्हायला ४० मिनिटं आणि त्यानंतर विभाजन व्हायला २० मिनिटं, हे चांगल्या वाढीत जवळपास ठरलेलं. म्हणजे सुरुवात झाली की ६० मिनिटांनी विभाजन.

हे सांगताना माझ्या विद्यार्थिनीला उदाहरण शोधावं लागलं नाही. त्यांच्या घरी सगळे दिवस छाटणीपासून मोजतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीची तारीख पडली की डीपिंग कधी, थिनिंग कधी, माल कधी, सगळं त्या तारखेपासून मोजलेलं असतं. तारीख ठरवणं हा निर्णय, पुढचं वेळापत्रक. जिवाणूचं विभाजन दिसायला मोठी घटना असली तरी ती माल काढण्यासारखी आहे. निर्णय आधीच झालेला असतो.

आणि जो मुद्दा वर्गात सगळ्यात जास्त अडतो, तोही तिने बागेतूनच सोडवला. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, मग ६० मिनिटांचं काम त्यात बसतं कसं? बसत नाही. फेऱ्या एकमेकींवर चढतात. पहिली नक्कल निम्मी झालेली असतानाच दुसरी सुरू होते. आज होणाऱ्या विभाजनाची नक्कल या पेशीच्या आजीच्या जन्माच्या वेळी सुरू झालेली असते. “एप्रिल छाटणीसारखं,” ती म्हणाली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर दिसतो आणि त्यानंतर काही महिन्यांनी क्रेटमध्ये येतो. काम आधीच्या हंगामात सुरू झालेलं असतं. मी ही उपमा पुढच्या वर्षी वर्गात वापरणार आहे. पेशीच्या बाबतीत मात्र एकच फरक लक्षात ठेवायला हवा: बागेत तारीख माणूस ठरवतो, इथे पेशीचं वाढतं अंग.

पुन्हा मोजणी

गार करणारी पेटी आमच्या इमारतीत एकच होती, पर्यावरणशास्त्र विभागाचा बीओडी इन्क्युबेटर. बीओडी म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण मोजायची चाचणी. तो मार्चपासून गोदावरीच्या पाण्याच्या नमुन्यांनी भरलेला होता. ती चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे आम्हाला ३० मागता येत नव्हते, आणि म्हणूनच आमचा प्रकल्प जुन्या पेटीत गेला होता. विभागप्रमुखांना तापमापकाचे दोन आकडे दाखवले. त्यांनी नमुन्यांच्या दोन फेऱ्यांमधले चार दिवस दिले. आत छोटा शेकर ठेवून आम्ही पेटी ३०वर लावली, कमाल-किमान तापमापक आतच.

गुणोत्तर मोजायला पीसीआर यंत्र हवं होतं. कोविडच्या काळात शहरात बरीच आरटी-पीसीआर यंत्रं आली, त्यांतलं एक रविवारी दिवसभर आम्हाला मिळालं. काढलेलं डीएनए बर्फात घालून नेलं. आरंभस्थानाजवळचा एक तुकडा आणि समाप्तीस्थानाजवळचा एक, दोन्हींच्या प्रती मोजायच्या. एक काळजी घेतली. कल्चर दाट होऊन वाढ थांबली तरी गुणोत्तर एकाकडे येतं आणि ते आरंभक बिघडल्यासारखंच दिसतं. म्हणून ओडी ०.३च्या वर जाण्याआधीच ताज्या ब्रॉथमध्ये पातळ करत राहिलो. जुन्या नोंदींतला थोडा गोंधळ या दाटपणाचाही असू शकेल. ते नमुने तिने प्रबंधातून वगळले, आणि मी होकार दिला.

गुणोत्तर किती यावं हेही काढता येतं: नक्कल करायला लागणारा वेळ भागिले दुप्पट व्हायचा वेळ, तेवढा दोनाचा घात. दोन्ही वेळ सारखे असतील तर गुणोत्तर दोन. नक्कल ४० मिनिटांची आणि दुप्पट व्हायला २० मिनिटं असतील तर चार. गार पेटीत उत्परिवर्ती कल्चर सकाळ, दुपार, संध्याकाळ दोनाच्या आसपास राहिलं. शेवया नाहीत. तेच कल्चर ४२ अंशांवर नेल्यावर गुणोत्तर उतरत एकाजवळ येऊन थांबलं. प्रकल्पाचा मूळ प्रयोग चार दिवसांत संपला.

तिला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. जुन्या पेटीतले दुपारचे नमुने तिने मुद्दाम परत घेतले, पण आता संध्याकाळनंतरचेही. खिडक्या उघड्या, स्लॅब निवत चाललेला, सात, आठ, साडेनऊ. तिचे पप्पा मोटारसायकल घेऊन खाली थांबले होते. साडेनऊच्या नमुन्यात गुणोत्तर गार पेटीतल्या कल्चरपेक्षाही वर गेलं होतं.

आधी तिला वाटलं पिपेट चुकली. पुढच्या रात्री तेच आलं. विचार केला तर तसंच यायला हवं होतं. दुपारभर पेशीचं अंग वाढलं होतं आणि आरंभस्थानं तेवढीच राहिली होती. डोनाकी यांच्या हिशेबाने त्या पेशी सुरुवातीच्या उंबरठ्याच्या कितीतरी पुढे जाऊन अडकल्या होत्या. गारवा आला, डीएनए-ए ४६ची घडी पुष्कळशी परत बसली आणि अडलेली सगळी आरंभस्थानं थोड्याच वेळात उघडली, काही पेशींत तर एका पाठोपाठ दुसरी सुरुवातही. द्राक्षाच्या काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावल्यावर डोळे एकसारखे फुटतात, तशी. संशोधक हा स्ट्रेन वापरून सगळ्या पेशींना एकाच क्षणी सुरुवात करायला लावतात ते याच गुणामुळे: आधी तापवायचं, मग गार करायचं. आमच्या वरच्या मजल्यावर हा प्रयोग एप्रिलमध्ये रोज आपोआप होत होता.

प्रबंधात तिने दोन प्रकरणं केली. एकात गार पेटीतला नियोजित प्रयोग. दुसऱ्यात जुन्या पेटीतले नमुने, घड्याळाच्या वेळेप्रमाणे, शेजारी तापमानाची ओळ. दुसरं परिशिष्टात टाकावं असं मला सुचवलं गेलं होतं. मी ते मुख्य भागातच ठेवायला सांगितलं.

एक गोष्ट राहिली आहे. निरोगी पेशीत जितकी आरंभस्थानं असतात ती सगळी एकाच वेळी उघडतात, म्हणून रिफॅम्पिसिनने नव्या सुरुवाती आणि सेफॅलेक्सिनने विभाजन थांबवून धावत्या यंत्रणांना काम संपवू दिलं तर पेशीत दोन, चार किंवा आठ पूर्ण गुणसूत्रं सापडतात. डीएनए-ए ४६मध्ये ३० अंशांवरही तीन, पाच, सहा सापडतात. म्हणजे ज्याला आम्ही तीन आठवडे ‘चांगलं’ म्हणत होतो त्या सकाळच्या कल्चरमध्येही आरंभक अडखळतच असतो, फक्त ते गुणोत्तरात दिसत नाही. ते बघायला एकेक पेशी मोजणारं फ्लो सायटोमीटर लागतं. नमुने तयार करून, स्थिर करून आम्ही फ्रीजमध्ये ठेवले आहेत, जूनमध्ये पुण्याला न्यायचे आहेत. कमाल-किमान तापमापक सध्या त्या फ्रीजमध्ये आहे.